रिकाम्या टाकींतलें घर

दिव्यांतलें तेल संपलें म्हणून समई कोणी फेकून देत नाहीं; अग्निबाणाचें मात्र तसेंच होतें. इंधन जळालें, कीं त्याच्या प्रचंड टाक्या निरुपयोगी ठरतात.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत वेर्नर फॉन ब्राउन प्रभृति शास्त्रज्ञांनीं निराळा विचार मांडला. सॅटर्न अग्निबाणाचा वरचा टप्पा पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला, म्हणजे त्याच्या हायड्रोजनच्या टाकींतील उरलासुरला वायु बाहेर सोडावा, आंत हवा भरावी आणि अंतराळवीरांनीं तेथेंच बिऱ्हाड थाटावें! परंतु जेथें शरीरास वजनच जाणवत नाहीं, तेथें घर सजविणें सोपें नव्हे. जुलै १९६९ मध्यें बेत बदलला. तीच टाकी जमिनीवर सजवून, इंधनाविना, १४ मे १९७३ रोजीं सॅटर्न-५ नें वर नेली. हीच ‘स्कायलॅब’. उड्डाणांत तिचें कवच फाटलें, आंत उष्मा वाढला. पहिल्या तुकडीनें छत्री उघडून घर वाचविलें. तीन तुकड्या तेथें अनुक्रमें २८, ५९ व ८४ दिवस राहिल्या.

टाकींत राहतां येतें, हें सिद्ध झालें. तरीहि १९८१ ते २०११ पर्यंत स्पेस शटलच्या १३५ उड्डाणांपैकीं एकाहि उड्डाणाची टाकी कक्षेंत राखली गेली नाहीं. भिंती फुकट मिळाल्या, तरी त्यांना घरपण देणारे श्रम अंतराळांत फार महाग पडतात.