भिवंडी, ‘तमस’ आणि दंगलींचे चित्रण

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहराचा उल्लेख भारतीय चित्रपटाच्या इतिहासात सहसा येत नाही. तथापि जातीय दंगलीत भरडल्या जाणाऱ्या सामान्य माणसाचे, आणि त्याच्या जगण्याच्या व न्याय मिळण्याच्या हक्काचे जे चित्रण पुढे पडद्यावर झाले, त्याच्या एका प्रमुख धाग्याचा उगम या शहरात आहे. भीष्म साहनी यांची ‘तमस’ ही हिंदी कादंबरी आणि तीवरून गोविंद निहलानी यांनी केलेला त्याच नावाचा दूरचित्रवाणीपट (१९८८) यांचे कथानक १९४७ च्या पंजाबातील आहे. पण लेखनाची निकड निर्माण झाली ती १९७० च्या भिवंडीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग रुजविले. पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली आणि कोकणी मुसलमान, आगरी, तेलुगू पद्मशाली अशी संमिश्र वस्ती त्या धंद्याभोवती वाढली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. पाठोपाठ जळगाव व महाड येथेही हिंसाचार झाला. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. पि. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. जातीय संघटनांनी वातावरण आधीपासूनच कसे तापविले होते, याचा या आयोगाने तपशीलवार मागोवा घेतला आणि दंगलीनंतर पोलिसांच्या विशेष तपास पथकाने केलेल्या एकतर्फी तपासावरही ताशेरे ओढले. दंगलीत घर गमावलेल्यास पुढे तपासातही न्याय मिळू नये, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब होय.

दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी आपले धाकटे बंधू भीष्म यांच्यासह भिवंडीत गेले. जळक्या घरांमधून हिंडताना हे सारे आपण पूर्वीच पाहिले आहे, असे भीष्म साहनींना वाटू लागले. मार्च १९४७ मधील रावळपिंडीच्या दंगलीनंतर त्यांनी तेथील काँग्रेसच्या मदतकार्यात भाग घेतला होता. एरवी मागांच्या खडखडाटाने भरलेल्या भिवंडीच्या गल्ल्यांतील शांततेने ती तेवीस वर्षांपूर्वीची स्मृती जागी केली, असे त्यांच्या आत्मकथनावरून दिसते. दिल्लीस परतल्यावर त्यांनी लेखनास आरंभ केला. १९७५ मध्ये या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बलराज साहनींचा अखेरच्या काळातील महत्त्वाचा चित्रपट, एम्. एस्. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ (१९७३), हाही याच विषयाशी संबंधित आहे. फाळणीनंतर आग्र्यातच राहू पाहणाऱ्या एका मुसलमान चर्मव्यावसायिकाची ती कथा असून, शांतता बिघडेल या सबबीवर तिचे प्रमाणपत्र कित्येक महिने अडवून धरण्यात आले होते.

गोविंद निहलानी यांचा जन्म १९४० मध्ये कराचीत झाला. फाळणीमुळे त्यांच्या कुटुंबाला देशांतर करावे लागले. विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरील ‘आक्रोश’ (१९८०) या पहिल्याच चित्रपटात त्यांनी पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आणि न्यायालयात एक शब्दही न बोलणारा आदिवासी उभा केला. ‘तमस’मधील नत्थू हा चर्मकार त्याच पंक्तीतला म्हणता येईल, दोन्ही भूमिका ओम पुरी यांच्याच आहेत. गुरांच्या डॉक्टरांना हवे आहे असे सांगून नत्थूकडून एक डुक्कर मारून घेतले जाते आणि सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. दंगल पेटत नसून ती पेटविली जाते आणि तिचे हत्यार म्हणून सर्वांत दुबळा माणूस वापरला जातो, हे या एका प्रसंगातून जितके स्पष्ट होते, तितके पुढील भाषणवजा प्रसंगांतून होत नाही. कादंबरीपेक्षा चित्रपटात नत्थू व त्याची पत्नी कम्मो (दीपा साही) यांना अधिक वाव दिलेला आहे. हा बदल उचितच होय, कारण त्यामुळे प्रेक्षक पुढाऱ्यांच्या बैठकांतून बाहेर पडून निर्वासितांच्या वाटेला लागतो. स्वतः भीष्म साहनी यांनी हरनामसिंगाची भूमिका केली. राजोच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना आणि संगीतासाठी वनराज भाटिया यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’चे भाग दाखविण्यास सुरुवात होताच वाद उद्‌भवला. या मालिकेने जुन्या जखमा उकलतील व दंगली होतील, असा आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला आणि प्रक्षेपणास तात्पुरती मनाईही मिळाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन व सुजाता मनोहर यांनी संपूर्ण चित्रपट स्वतः पाहिला आणि मनाई उठविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी व एस्. रंगनाथन् यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये अर्ज फेटाळला. एखाद्या कलाकृतीचा परिणाम समंजस व खंबीर मनाच्या माणसाच्या कसोटीवर जोखावा, दुबळ्या व सदैव धास्तावलेल्या मनाच्या कसोटीवर नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरले. विशेष म्हणजे ही कसोटी नवी नव्हती. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती पूर्वीच मांडली होती. आनंद पटवर्धन यांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’ या अनुबोधपटाच्या प्रक्षेपणास दूरदर्शनने नकार दिला, तेव्हा २००६ मधील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ‘तमस’च्या निकालाचा आधार घेतला.

‘तमस’मध्ये भिवंडीचे नाव कोठेही येत नाही. १९४७ च्या आडोशामुळे लेखकाला मोकळेपणे लिहिता आले हे खरे. परंतु मागावरचा कामगार, त्याची बुडालेली मजुरी, एकतर्फी तपास यांपैकी काहीच त्या पडद्यावर आले नाही. दरम्यान मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमित बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईतही १९९३ नंतर अशा समित्या निघाल्या. अंजली माँतेरो व के. पी. जयशंकर यांचा ‘नाता’ (२००३) हा अनुबोधपट धारावीतील भाऊ कोरडे व वकार खान या अशाच दोन कार्यकर्त्यांविषयी आहे. त्यात दंगलीची दृश्ये मुख्य नाहीत. दोघे मित्र वस्तीत हिंडतात, बैठका घेतात, लोकांशी बोलतात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर चालत राहतो.