पोटावरचा व्रण

आमच्या साताऱ्याच्या घरात ‘मिरजेला न्यायचं’ म्हटलं की बायकांचे चेहरे उतरत. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून मिरज म्हणजे शस्त्रक्रियेचं गाव. 1961 साली आजोबांची लघवी तुंबली, तेव्हा त्यांनाही तिकडंच नेलं. बेंबीखालचा त्यांचा उभा व्रण मी लहानपणी वितीनं मोजला आहे.

या शस्त्रक्रियेच्या घराण्याचा एक मूळपुरुष हिंदुस्थानात घडला. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन, उत्तर हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत वीसेक वर्षं मूतखडे फोडत होते. लंडनला परतल्यावर, 1900 पासून, ते मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट बोटानं सोडवून काढू लागले. सालीतून संत्रं सुटावं तशी.

वडिलांच्या पोटावर व्रण नाही. 1998 साली त्यांची प्रोस्टेट मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेच्या तारेनं किसून काढली. न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांचं 1926 मधलं रेसेक्टोस्कोप हे या उपकरणाचं पूर्वरूप. पाचव्या दिवशी वडील घरी आले, सगळे खूश. मात्र या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शास्त्राचे शिक्षक, तरी आपल्यातच काही बिघडलं असं समजून गप्प राहिले. आईशीही बोलले नाहीत. मला सांगितलं ते गेल्या वर्षी, माझ्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला त्या रात्री. दिवा मालवून.

सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्यापुढं पर्याय मांडले. लेसरनं गाठ सोलायची, तर काम जवळपास फ्रेयरच्या बोटाचंच. मोठ्या गाठीलाही चालतं, पण वीर्य बहुधा उलटंच जाणार. सुईतून नऊ-नऊ सेकंद वाफ सोडायची, तर वीर्याचा मार्ग बहुतेकदा शाबूत राहतो. मात्र काही दिवस नळी, आराम पडायला काही आठवडे, आणि पुढं पुन्हा उपचार लागण्याची शक्यता लेसरपेक्षा जास्त. टाके घालून गाठ बाजूला ओढून धरायची, तर गाठ फार मोठी नको, आणि लघवीची धारही तेवढी सुधारत नाही. जेवढं कमी कापायचं तेवढं आत जास्त उरतं, हा हिशेब माहितीपत्रकात नव्हता. मला तो डॉक्टरांकडून खोदून काढावा लागला.

वडिलांचा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. बायको शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी आधी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “सांगा की. मलाही ऐकायचंय.”