एका ठरावाची गोष्ट : रावबहादूर सीताराम केशव बोले

श्रोतेहो, आपल्या गावातली सार्वजनिक विहीर डोळ्यांपुढे आणा. ती खणली कुणाच्या पैशाने? सर्वांच्या. मग पाणी कुणी भरावे? सर्वांनीच, नाही का? आज हे सांगायला शहाणपण लागत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ही साधी गोष्ट कायदे कौन्सिलात ठराव करून मांडावी लागली. तो ठराव मांडणाऱ्या गृहस्थांची ओळख आज करून घेऊ.

मुंबईत दादरला आगर बाजारातून एक रस्ता जातो, एस. के. बोले मार्ग. हे बोले म्हणजे भंडारी समाजातील समाजसुधारक सीताराम केशव बोले. परळ-लालबागच्या गिरणगावात कामगार पहाटेच्या भोंग्याबरोबर घर सोडी, तो दिवस मावळल्यावर परते. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानेसुद्धा गिरणीतला दिवस बारा तासांचाच ठरवला! अशा काळात बोले ‘कामगार हितवर्धक सभे’च्या द्वारे गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडीत होते.

याच परळच्या एका चाळीत राहणारा भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाला. त्याच्या कौतुकाची सभा भरली, तिचे अध्यक्ष होते बोले. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. शिक्षक बंधुभगिनींनो, विद्यार्थ्याच्या पाठीवर पडलेली थाप कुठवर पोचते, पाहा!

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला.

पण मंडळी, ठराव कागदावर राहिला. घागर रिकामी ती रिकामीच! बोल्यांनी हात टेकले नाहीत. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे. दुखरी नस त्यांनी बरोबर ओळखली होती!

कागदातला हक्क ओंजळीत आला तो २० मार्च १९२७ रोजी. डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तंटा कोर्टात गेला आणि मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

मग बोल्यांचा ठराव वाया गेला म्हणायचा का? छे! कायदा वाट आखतो, चालायचे असते माणसांनी. पण वाट आखलेली असली म्हणजे चालणाऱ्याला म्हणता येते, ‘मी भीक मागत नाही, माझा हक्क बजावतो आहे.’ महाडच्या माणसांना हा आधार बोल्यांनी दिला.

गुरुजी, उद्या शाळेत मुले माठाभोवती जमतील, तेव्हा ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. आणि त्या माठातले पाणी सगळ्यांना सारखेच मिळते ना, तेही एकदा पाहा.