उतरण्याची वाट

मराठीत चिमणी म्हणजे पाखरू आणि चिमणी म्हणजे धुराडेही. पाखरू तारेवर सहज उतरते. विमानाला मात्र उतरण्यासाठी आधीपासून मोकळी राखलेली वाट लागते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचे, छोटे ‘पस मॉथ’. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतचे मातीचे मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी साचे, म्हणून ही सेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागे. विमान होते, वैमानिक होता. उतरायला जमीन नव्हती.

उतरताना विमानाचा वेग कमी असतो आणि उंचीही. वेग आणखी घटला तर पंखांना उचल मिळत नाही आणि सावरायला खाली जागा उरत नाही. म्हणून वैमानिक शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतो; मेळ बसला नाही तर विमान पुन्हा वर नेतो. त्यासाठी पुढचे आकाशही रिकामे हवे.

हे शिकताना आणि शिकल्यावरही जोखीम संपत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने बारामतीजवळच्या रानात पडली. तिथेच २८ जानेवारी २०२६ रोजी उतरू पाहणाऱ्या छोट्या जेट विमानाच्या अपघातात उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जण गेले.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. उतरणाऱ्या विमानाची नेहमीची वाट तीन अंशांची असते; एक मीटर खाली येण्यासाठी ते सुमारे १९ मीटर पुढे जाते. म्हणजे ९० मीटर उंचीचे धुराडे पावणेदोन किलोमीटरवर असले तरी या वाटेला टेकते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी साधारण तेवढीच उंच होती. विमानसेवेसाठी उपोषणे झाली, चिमणीसाठी ऊस उत्पादक सभासदांचे मोर्चे निघाले, वाद न्यायालयापर्यंत गेला. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

मी या दोन तारखांकडे एकाच डोळ्याने पाहू शकत नाही. १८७७च्या जुन्या मिलपासून हे गाव चिमण्यांच्या सावलीत वाढले. धूर दिसला की घरोघरी चूल पेटणार, हा आमचा हिशेब. प्रवाशाचा जीव मोलाचा, यात शंका नाही. पण ती वाट मोकळी करण्याची किंमत उसाच्या फडातल्या माणसानेही मोजली, हे विमानात बसणाऱ्याने विसरू नये. विमानतळाभोवती उद्याही कोणी काही बांधायला निघेल. उंचीचा हिशेब पहिली वीट ठेवण्यापूर्वीच झाला, तर पुन्हा कोणाची चूल आणि कोणाचा जीव असा सौदा करावा लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)