टॅरोचा एक्का : खेळातलं पान ते नशिबाचं पान

टॅरोच्या वाचनात एक्का निघाला की सांगणारा हमखास म्हणतो, ‘नवी सुरुवात!’ त्या दोन शब्दांवर कुणी नोकरी सोडतं, कुणी लग्नाला होकार देतं. म्हणून आज एवढंच पाहू : एक्क्याला हा अर्थ दिला कुणी आणि कधी?

पत्ते युरोपात पोचले ते इजिप्तच्या मामलुक राज्यातून, 1370च्या दशकात. त्यांत चार रंग होते : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. युरोपात पोलो कुणाला ठाऊक? तिथे त्या काठ्यांचे दंड झाले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत या पानांना चित्रांची 22 पानं जोडली गेली आणि 78 पानांचा टॅरो तयार झाला. कशासाठी? भविष्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी.

त्या खेळात एक्क्याची गंमत होती. तलवारी आणि दंडांत एक्का सगळ्यांत लहान. पेले आणि नाण्यांत मात्र चित्रांच्या पानांखालोखाल तोच मोठा! हे ऐकून सावंतवाडीची गंजिफा आठवली ना? दशावतारी गंजिफेतही पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दहाचं पान मोठं आणि एक्का तळाला, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का वर. म्हणजे एक्क्याचं मोल खेळाच्या नियमावर ठरायचं.

भविष्य आलं तीनशेहून अधिक वर्षांनी. 1781मध्ये पॅरिसच्या कूर द जेबेलँ यांनी लिहिलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. पुरावा काहीच नव्हता. इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉं यांनी उलगडली तीच मुळी 1822मध्ये! तरी कल्पना लोकांना भावली. 1785मध्ये एतेला या टोपणनावाच्या गृहस्थांनी टॅरोवरून भविष्य सांगण्याचं पुस्तकच काढलं.

पुढे 1888मध्ये लंडनला ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची मंडळी स्थापन झाली. त्यांनी चार रंग चार तत्त्वांशी जोडले : दंड अग्नी, पेले जल, तलवारी वायू, नाणी पृथ्वी. एक्का म्हणजे त्या तत्त्वाचं मूळ. मूळ म्हटलं की आरंभ आलाच. याच मंडळींतले आर्थर वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांचा संच 1909मध्ये निघाला. त्यातल्या चारही एक्क्यांवर ढगातून एक हात बाहेर येतो आणि काहीतरी देऊ करतो. आज जगभर दिसतो तो हाच एक्का.

आता खरी मेख ऐका. वेट यांनी स्वतः दिलेल्या अर्थांत ‘आरंभ’ ठळकपणे येतो तो फक्त दंडांच्या एक्क्यात. पेल्यांचा एक्का म्हणजे आनंद आणि समृद्धी, नाण्यांचा म्हणजे पूर्ण समाधान, तलवारींचा म्हणजे विजय, पण अतिरेकसुद्धा! चौघांनाही ‘नवी सुरुवात’ हे एकच लेबल नंतरच्या काळात सरसकट लागलं.

टॅरो वाचू नका, असं मी म्हणत नाही. पान समोर ठेवून माणूस स्वतःच्या मनाशी बोलत असेल, तर बोलू द्या. पण एखादा एक्का पाहून राजीनामा लिहायला बसाल, तेव्हा इतकं आठवा : हेच पान एकेकाळी निम्म्या डावात सगळ्यांत हलकं होतं. त्याला वजन दिलं ते माणसांनी. निर्णयाचं वजनही आपल्यालाच उचलायचं आहे.

भेटू पुढच्या भागात.