वाढत्या अंगाचे : सातारा-सांगली परिसरातील बालवस्त्रांची रचना आणि आजचा वस्त्रसंकल्पक

प्रस्तावना

शिंप्याकडे मुलाचे कापड टाकताना 'जरा वाढत्या अंगाचे शिवा' असे सांगण्याची रीत सातारा-सांगली भागात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, अद्याप पुरती लोपलेली नाही. काटकसरीचे बोलणे म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या बोलण्यात येथील बालवस्त्रांचे रचनातत्त्व सामावलेले आहे, आणि मुलांसाठी नवी वस्त्रमालिका योजणाऱ्या विद्यार्थ्याने आपली प्रेरणा प्रथम तेथे शोधावयास हवी.

सध्या वस्त्रसंकल्पनाचे विद्यार्थी 'पारंपरिक बालवस्त्र' म्हणून बहुधा तीन गोष्टी सादर करतात : चिमुरड्या मुलीची शिवलेली नऊवारी, पैठणीच्या पदरावरील मोर उचलून छापलेला फ्रॉक आणि मुलासाठी जिरेटोपासह अंगरखा. हा मोठ्यांचाच पोशाख असून तो केवळ मापाने लहान केलेला असतो. सरदारघराण्यांत समारंभप्रसंगी मुलांना असे पोशाख घालीत, हे मान्य करावे लागेल. परंतु दरबारातील मूल म्हणजे घरातील मूल नव्हे.

मूल म्हणजे लहान माणूस काय?

फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन युरोपात बाल्यावस्थेची स्वतंत्र जाणीव नव्हती, असे मत मांडले. मुलांना मोठ्यांसारखेच कपडे घालीत, हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक होता. या मतावर पुढे पुष्कळ टीका झाली. आपल्या प्रदेशापुरते पाहिले तर ते लावताच येत नाही. झबले, टोपडे, कुंची, दुपटे हे शब्द आणि त्यांमागील वस्त्रे केवळ लहान मुलांचीच आहेत. प्रौढाच्या वस्त्रांत त्यांचा जोड नाही. ज्या समाजाने मुलाच्या वस्त्रांना वेगळी नावे दिली, त्याने मुलाच्या शरीराचा वेगळा विचार केलेला होता, असे म्हणावयास हरकत नसावी.

अडचण आहे ती साधनांची. राजाचा अंगरखा वस्तुसंग्रहालयात जातो. झबले मात्र थोरल्याचे धाकट्याला, त्याचे शेजारणीच्या बाळाला आणि अखेर पोतेऱ्यात जाते. औंध येथे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे आहेत, म्हणून विद्यार्थी तेथे जरूर जातात. काठपदरांची टिपणे घेतात. परंतु त्याच संग्रहालयात हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्प आहे, त्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. वस्त्रांच्या अभ्यासकाला त्यात काय मिळणार, असे वाटत असावे. मिळते ते असे की, तान्हे मूल हे उभे राहणारे शरीर नसून कोणाच्या तरी अंगाला बिलगलेले शरीर असते. आणि कुंची हे नेमके त्या शरीराचे वस्त्र आहे.

कुंची आणि खोळ

कुंचीची रचना पाहावी. कापडाचा एक आयत घेऊन तो मध्ये दुमडावयाचा, एका बाजूने डोक्यापुरती शिवण घालावयाची, हनुवटीखाली बंद लावावयाचे आणि उरलेले कापड पाठीवरून खाली मोकळे सोडावयाचे. बाही नाही, बगल नाही, छातीचे माप नाही. मूल खांद्यावर घेतले की डोके, कान व पाठ एकाच वस्त्राने झाकली जातात. माप नसल्यामुळे तीन महिन्यांच्या बाळाची कुंची वर्षाच्या बाळालाही चालते.

डोंगराकडील शेतकरी व माणदेशचा मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, तिचे तत्त्वही हेच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुका पर्जन्यछायेत येतो. पण खोळ दोन्हीकडे आहे. सनगर विणकरांची, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी बाळाच्या अंगाला टोचेल, हे उघड आहे. तेथून उचलावयाची ती घडी. कुंची खोळीवरून आली, असा दावा करण्याइतका पुरावा नाही. दोहोंमागील हात मात्र एकाच सवयीचे दिसतात.

कुंची पुष्कळदा खणाची असे. खण येतो तो सीमेपलीकडील गुळेदगुड्डहून, आणि सातारा-सांगलीच्या बाजारपेठांत तो पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो. त्यावरील नक्षी बारीक व सलग फिरणारी असल्याने वीतभर कापडातही ती पूर्ण दिसते. पैठणीचा मोर दोन वर्षांच्या मुलीच्या अंगावर मानेपाशीच कापला जातो. नक्षीच्या मापाचा हा विचार संकल्पनाच्या वर्गात क्वचितच होतो.

बंद, दुमड आणि जुने कापड

झबल्याला व बाराबंदीला गुंड्यांऐवजी बंद असत. गुंडीची जागा ठरलेली असते, बंद मात्र सैल करता येतो. मुलीच्या परकराला आतून दुमड घालून ठेवीत आणि उंची वाढली की उसवून ती सोडीत. फिकट कापडावर तिची रेघ राही, आणि त्या रेघांवरून मुलीचे वय वाचता येई. तयार कपड्यांच्या दुकानात १६, १८, २० अशा ठरीव क्रमांकांनी माप आले, तेव्हा ही सोय मागे पडली. मूल क्रमांकाबाहेर गेले की कपडा संपला.

जुन्या कापडाचाही येथे वेगळा मान होता. तान्ह्याचे पहिले झबले आजीच्या धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे करीत. वाकळीप्रमाणेच दुपटेही जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने जोडून शिवीत. ऐपत असलेल्या घरांतही हे होई, त्यामुळे त्याला केवळ दारिद्र्याचे लक्षण म्हणता येत नाही. कोऱ्या कापडाची खळ नाजूक कातडीला बोचते, हे ज्ञान त्यामागे होते. नवे वस्त्र येई ते बाळंतविड्यात, आणि पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याच्या रूपाने. हलव्याचे पांढरे दागिने काळ्यावर खुलतात, आणि थंडीत काळा रंग ऊबही धरतो.

विटा व इचलकरंजी येथील यंत्रमाग आज हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणजे कापडाची वाण नाही. वाण आहे ती नमुन्यांची. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात चित्रफलकाआधी एका घरातील जुनी ट्रंक उघडून तीतील कुंची, झबले व परकर यांची मापे, शिवणी, बंद आणि दुमडी यांची नोंद करणे सक्तीचे करावे, असे सुचवावेसे वाटते. ही वस्त्रे ज्यांनी हाताने शिवली त्या पिढीतील बहुतेक स्त्रिया आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत. कोणती दुमड किती बोटांची आणि ती का, हे त्यांनाच विचारावे लागेल.