संत गोन्सालो गार्सिया यांचा खरा व्यापार

वसईच्या भूमीनें पुष्कळ वैभव पाहिलें. सन १५३४ पासून सन १७३९ पर्यंत येथें पोर्तुगीजांचा अंमल होता. किल्ल्यांत उंच देवळें, मठ व वाडे उभे राहिले. पुढें चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. आज त्या भिंती छपरावांचून उभ्या आहेत. परंतु त्याच वसईंत जन्मलेल्या एका पुरुषाचें नांव आमच्या वेदीपुढें अद्याप घेतलें जातें.

गोन्सालो गार्सिया बालपणीं येशूसंघीयांपाशीं शिकले व त्यांजबरोबर जपानांत गेले. तेथील भाषा त्यांस उत्तम अवगत झाली. पुढें त्यांनीं त्या भागांत व्यापार मांडला व त्यांत त्यांचा जम बसला. तरी अंतःकरणाची ओढ निराळी होती. भरभराटीचा धंदा टाकून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु झाले. सन १५९३ मध्यें ते दुभाषी म्हणून जपानांत परतले. व्यापाऱ्यास उपयोगी अशी ती भाषा आतां सुवार्तेच्या कामीं लागली. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांस क्रूसावर मरण आलें. सन १८६२ मध्यें परमगुरु नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

सर्वांनीं शेतीवाडी व नोकरीधंदा सोडावा, असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांचा धनी कोण, एवढेंच विचारतों. ज्युबिलीच्या मंडपाचा, वाजंत्र्यांचा व जेवणावळींचा हिशेब आम्ही ठेवूंच. परंतु सायंकाळीं किती घरांत कुटुंब एकत्र गुडघे टेकतें, हा हिशेब प्रभूपुढें आम्हां सर्वांसच द्यावा लागेल.